सीझन वन : हुरडा

‘सीझन म्हणजे काय, सांग बरं?’ असं मी सहा वर्षांच्या भाच्याला विचारलं, तर पठ्ठ्या एका सेकंदात म्हणाला, ‘सीझन वन, सीझन टू... आणि थ्री अजून आला नाहीये!’ कार्टूनचे हो! बरं, मटार कधी येतो? ‘ऑर्डर केला की.’ ताई हसली, मीही हसले. रात्री झोपताना मात्र आठवलं, मी स्वतः शेवटचा मटार सोलला त्याला किती वर्षं झाली? फ्रोझनचं पाकीट, कात्री, कढई... संपला विषय.

तर मंडळी, यंदा संक्रांतीच्या आधीचा वीकएंड. ताईला ऑफिसची सपोर्ट ड्यूटी, जिजू टूरवर, त्यामुळे भाचेबुवा माझ्या ताब्यात. आणि करमाळ्याकडून मामाचा फोन : ‘हुरडा आलाय. उशीर केलात तर ज्वारी होईल!’

हे वाक्य मला भारीच आवडलं. कारण हुरडा नावाचं वेगळं पीक नसतंच. दाण्यात दूध भरून झालंय, पण दाणा अजून टणक झालेला नाही, एवढ्या मधल्या थोड्या दिवसांतली ज्वारी म्हणजे हुरडा. पुढे तोच दाणा वाळतो आणि त्याची भाकरी होते. पेरणी मागेपुढे झालेली असते म्हणून डिसेंबरपासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत कुठे ना कुठे हुरडा मिळतो. एका शेतापुरतं बोलाल तर मात्र एखादाच वीकएंड चुकला की गेला!

सोलापूर रोडनं निघालो. भिगवण येईपर्यंत ‘अजून किती वेळ?’ सतरा वेळा. मग एकदाचं शेत आलं आणि मामानं भाच्याच्या हातात गोफण दिली. पाखरं उडवायची. पहिला दगड मागे, दुसरा माझ्या पायाशी. तिसऱ्यानंतर गोफण जप्त झाली आणि हातात डबा-काठी आली. पुढचा तासभर त्यानं जो काही गोंगाट केला, तो आमच्या सोसायटीत केला असता तर सेक्रेटरी वर आले असते. इथे त्याला कुणी गप्प बस म्हणेना. उलट मामीआजी म्हणाली, ‘जोरात हाण!’

मग आगटी. जमिनीत छोटा खड्डा, त्यात गोवऱ्यांचा विस्तव, त्यात खुपसलेली हिरवी कणसं. मामा गरम कणीस तळहातावर चोळायचा, फुंकर मारून भुसा उडवायचा आणि हिरवे, मऊ दाणे पुढे करायचा. मी ऐटीत कणीस घेतलं, चोळलं आणि हात भाजून घेतला. भाचा खदाखदा हसला. त्यानं दोन दाणे तोंडात टाकले आणि... थुंकले. ‘यात सॉस नाहीये.’

इथे जाहिरातीत असतं तसं काही झालं नाही बरं का! निसर्गाच्या सान्निध्यात मूल अचानक सगळं खायला लागतं, वगैरे. तो नाहीच म्हणाला. मी आग्रह सुरू केला, तर मामीनंच मला दटावलं, ‘राहू दे गं. भूक लागली की येतोय.’ आम्ही लसणाची चटणी, दही, शेंगदाणे घेऊन ताव मारत बसलो. अर्ध्या तासानं स्वारी आली, गुळाचा खडा उचलला आणि खड्याबरोबर मूठभर हुरडा गेला. चटणीला हात नाही. चालतंय!

दुपारी गोठ्यात. गाय व्यायलेली, चारच दिवसांपूर्वी. वासराची जीभ खरखरीत असते हा शोध लागल्यावर भाचा तिथून हलेना. रात्री ताटात खरवस आला. (चिकात थोडं दूध, गूळ, वेलदोडा, जायफळ घालायचं आणि कुकरमध्ये शिट्टी न लावता वाफवायचं. विरजण नाही, काही नाही, चीक आपोआप घट्ट होतो. पहिल्या दिवसाचा चीक जास्त दाट, त्यात दूध जास्त लागतं.) दोन वड्या खाल्ल्यावर साहेबांनी विचारलं, ‘चीक म्हणजे काय?’ मी सांगितलं. चमचा थांबला. ‘मग त्याचं आपण का खातोय?’

मास कॉमच्या दोन वर्षांत मला मुलाखती घ्यायला शिकवलं, द्यायला नाही. मामानं उत्तर दिलं. आधी वासराला पाजायचं, पोट भरून. त्याला तो चीक मिळालाच पाहिजे, नाहीतर ते आजारी पडतं. गाय त्याच्या गरजेपेक्षा जास्त देते, ते आपण घेतो. पटलं. मग पुढचा प्रश्न. ‘हे पण मोठं झाल्यावर दूध देणार?’

‘नाही रे. तो गोऱ्हा आहे. बैल होणार.’

‘मग बैल झाल्यावर काय करणार?’

मामानं माझ्याकडे बघितलं. घरात ट्रॅक्टर येऊन बरीच वर्षं झाली. उसाला पाणी मिळतंय तोवर रान उसालाच जातं, ज्वारी उरलीय ती घरच्या भाकरीपुरती आणि कडब्यापुरती. ज्वारी काढायला माणसं मिळत नाहीत, ते वेगळंच. त्यात बिनकामाचा बैल वर्षभर खायला लागतो. ‘बघू,’ मामा म्हणाला. भाच्याला ते पुरलं, मला नाही.

दुसऱ्या दिवशी निघताना मामीनं पिशवी भरली. हरभऱ्याचे डहाळे, मटार, पावटा, गाजरं, वांगी, बोरं, तीळ. ‘भोगीची भाजी कर त्याच्यासाठी.’ मी म्हटलं, रेसिपी व्हॉट्सअॅप कर. मामी एवढंच म्हणाली, ‘त्याला शिकवायला आणलंस न् तुलाच येत नाही होय?’ लागलं!

पण केली. १३ जानेवारीला, भोगीलाच, हाफ डे टाकून. सोलायचं काम भाच्याचं. शेंगेतले तीन दाणे भांड्यात, दोन तोंडात. मग तेलात मोहरी-हिंग, त्यावर सगळ्या भाज्या आणि ओले शेंगदाणे, झाकणावर पाणी ठेवून वाफ. शेवटी तिळाचं कूट, काळं तिखट, गूळ. मुलांसाठी तिखट बाजूला ठेवून आधी त्यांचा वाटा काढून घ्या. बाजरीची भाकरी मात्र विकत आणली, खोटं कशाला सांगू? त्यानं भाजीतले मटार आणि गाजरं वेचून खाल्ली, वांग्याला नकार. ताईनं तेवढ्याचाही फोटो काढला.

तुम्हाला मामा नसेल तर हुरडा पार्टीवाली कृषी पर्यटन केंद्रं आहेतच. राज्य सरकारनं २०२० मध्ये त्यांच्यासाठी धोरणही आणलं. फक्त बुकिंग करताना विचारा, कणसं तिथल्याच शेतातली आहेत का आणि मुलांना शेतात शिरू देतात का. रेन डान्स आणि डीजे असेल तर तेवढ्यासाठी शंभर किलोमीटर जाऊ नका. सकाळी लवकर पोचा, मुलांना जुने, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. आणि प्लीज, सॉस नेऊ नका.

परवा मामीचा फोन आला. गोऱ्ह्याला गिऱ्हाईक आलंय, दूध तुटलं की देऊन टाकू म्हणतात. ताईचं म्हणणं, तो मित्राकडे राहायला गेला असं सांगू, लहान आहे तो. मला ते पटत नाही. चीक कुणाचा हे ज्यानं विचारलं, तो हेही विचारणारच. आमचं अजून ठरलेलं नाही. रविवारी सकाळी अकरा वाजता व्हिडिओ कॉल असतो. मामाआजोबांना पहिलं वाक्य ठरलेलं : ‘आधी गोऱ्हा दाखवा.’