लोणारचे खारे पाणी खारेच राहू द्या

२०२० च्या जूनमध्ये लोणारचे सरोवर गुलाबी झाले आणि त्याची छायाचित्रे देशभर फिरली. हा रंग मिठात वाढणाऱ्या ‘आर्किया’ या सूक्ष्मजीवांचा, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून सांगितले. पाऊस आला, रंग गेला, चर्चाही विरली. त्याच पाण्यात कसलाही रंग न उधळता राहणाऱ्या हॅलोमोनास या जिवाणूची मात्र कुणी दखल घेतली नाही.

लोणारच्या पाण्याचा सामू दहाच्या आसपास असतो. म्हणजे ते जवळजवळ साबणाचे पाणीच. वर मीठ. अशा ठिकाणी साध्या जिवाणूच्या पेशीतले पाणी बाहेर ओढले जाते आणि तो मरतो. हॅलोमोनास ‘एक्टोइन’सारखे पदार्थ पेशीत साठवून स्वतःला सावरतो. हेच एक्टोइन आज त्वचेच्या क्रीममध्ये आणि डोळ्यांच्या थेंबांमध्ये वापरतात. ते मिळवण्याची रीत मजेदार आहे. जिवाणू आधी खूप खाऱ्या पाण्यात वाढवायचे, मग अचानक मीठ कमी करायचे. ते साठवलेले एक्टोइन बाहेर सोडतात. मीठ वाढवले की पुन्हा साठवू लागतात. गाईची धारच ही!

आघारकरच्याच संशोधकांनी लोणारमधल्या ‘हॅलोमोनास कॅम्पिसॅलिस’कडून कुजणारे प्लास्टिक बनवून घेतले आहे. या जिवाणूंच्या खाऱ्या, अल्कधर्मी द्रवात इतर जंतू सहसा शिरकाव करत नाहीत, त्यामुळे निर्जंतुकीकरणावरचा खर्च वाचू शकतो.

नमुने प्रयोगशाळेत जपले की पुरे, असे कुणी म्हणेल. पण तळाच्या गाळातले कितीतरी जिवाणू प्रयोगशाळेत अजून वाढवताच आलेले नाहीत. ते फक्त तिथेच आहेत, आणि तिथे गावाचे सांडपाणी उतरते. सांडपाण्याबरोबर गोडे पाणी आणि सेंद्रिय घाण येते, क्षार विरळ होतात आणि मग साध्या, सगळीकडे आढळणाऱ्या जिवाणूंचे फावते.

२०२० मध्ये सरोवराला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. अभयारण्य तर ते आधीपासूनच आहे. तरीही बोलणे होते ते देवळांचे, रस्त्यांचे, पर्यटकांच्या सोयींचे. त्याआधी सांडपाणी पूर्ण अडवले पाहिजे. पाण्याचा सामू आणि क्षारता दर महिन्याला मोजून ते आकडे लोणारच्या वेशीवर फलकावर लिहिले पाहिजेत. धरणातला पाणीसाठा रोज जाहीर होतो, मग हे का नाही?