लॉर्डांच्या सभागृहात जात

लॉर्ड म्हणजे कोण? ज्याचा बाप लॉर्ड होता तो. आणि बाप लॉर्ड का? तर त्याचा बाप लॉर्ड होता म्हणून. मित्रा, हसू येत असेल तर जरा थांब. आपल्याकडं भटाच्या पोटी भट आणि महाराच्या पोटी महार जन्मतो तेव्हा कुणी हसत नाही. आपल्याकडं त्याला धर्म म्हणतात. विलायतेत त्याला परंपरा म्हणतात. शब्द वेगळे, मामला एकच. गर्भात असतानाच खुर्ची ठरलेली.

या जन्मसिद्ध लॉर्डांचं सभागृह लंडनात थेम्सच्या काठावर आहे. लाल कातड्याचे बाक, सोन्याची वेलबुट्टी. या सभागृहाचं एक वैशिष्ट्य आपल्या लॉ कॉलेजांत प्राध्यापक डोळे मिटून सांगतात. तिथं कायदाही व्हायचा आणि इंग्लंडातला शेवटचा न्यायही तिथंच व्हायचा. एकाच छपराखाली. हे सांगताना प्राध्यापकांचा गळा भरून येतो. माझा येत नाही. गावात पाटील, जोशी आणि सावकार एकाच ओट्यावर बसले की काय निकाल लागतो ते माझ्या बापजाद्यांनी पाठीवर सोसलंय.

तिथल्या एका दिवसाचं कामकाज कसं चालायचं ते बघ. दिवसाची सुरुवात बिशपच्या प्रार्थनेनं. बिशप पाहुणा नव्हे, सभासद. इंग्लंडच्या चर्चचे २६ बिशप पदाच्या जोरावर तिथं बसतात. मधोमध लोकरीनं भरलेली लाल गादी. तिच्यावर लॉर्ड चॅन्सेलर. हा एकच बाबा मंत्रिमंडळात मंत्री, न्यायखात्याचा मुख्य आणि सभागृहाचा अध्यक्ष. मग न्यायाधीश लॉर्ड उठायचे. १८७६ च्या कायद्यानं पगारी न्यायाधीशांना लॉर्ड करून आणून बसवलेलं होतं. अपील वरच्या मजल्यावर कमिटीच्या खोलीत ऐकायचे, पण निकाल खाली सभागृहातच. आणि निकालाला निकाल म्हणायचं नाही, भाषण म्हणायचं. एकेकानं उभं राहून सांगायचं, मी अपील मंजूर करतो, मी फेटाळतो. मग ठराव टाकल्यासारखा प्रश्न मताला टाकायचा. हे आटोपलं की त्याच जागी विधेयकं सुरू. आत्ता न्यायाधीश म्हणून बोललेला माणूस घटकाभरानं कायदा करायलाही उभा राहू शकत होता.

१८४४ पर्यंत तर कायद्याचा क ठाऊक नसलेले लॉर्डही अपिलात मत द्यायला बघत. त्या साली आयर्लंडच्या ओ'कॉनेलच्या अपिलात त्यांना, बाबांनो, जरा गप्प बसा, असं सांगावं लागलं. आणि लॉर्डानं गंभीर गुन्हा केला तर? खटला लॉर्डांपुढंच. १९३५ साली लॉर्ड डी क्लिफर्डच्या मोटारीच्या धडकेत एक माणूस मेला. लॉर्डांचा दरबार भरला. निर्दोष! तुझी पंचायत, तुझेच पंच. ही सवलत १९४८ साली रद्द झाली. म्हणजे आपल्या घटना समितीत समतेवर चर्चा चालली होती तोवर त्या लोकशाहीच्या माहेरघरात जन्म बघून न्यायासन ठरत होतं.

आणि आपल्या वाट्याला या सभागृहाचा कसला न्याय आला? १३ एप्रिल १९१९. जालियनवाला बाग. सरकारी आकडा ३७९ मुडदे. डायरची नोकरी गेली, एवढंच. त्यावर २० जुलै १९२० ला या लॉर्डांनी मतदान केलं. ठराव आणला कुणी? आधी स्वतः लॉर्ड चॅन्सेलर राहिलेल्या फिनले यांनी, म्हणजे न्यायाच्या गादीवर बसून उठलेल्या माणसानं. ठराव काय, तर डायरवर अन्याय झाला. बाजूनं १२९, विरुद्ध ८६. मेलेल्यांवर काय झालं याचा ठराव त्या दिवशी नव्हता. त्याच जुलै महिन्यात बाबासाहेब अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला मुंबईहून लंडनला निघाले होते.

दहा वर्षांनी, १२ नोव्हेंबर १९३० ला, गोलमेज परिषदेचं उद्घाटन बादशहानं याच लॉर्डांच्या इमारतीत, रॉयल गॅलरीत केलं. अस्पृश्यांच्या वतीनं तिथं दोघे, बाबासाहेब आणि मद्रासचे श्रीनिवासन. बाबासाहेब तिथं साहेबाचे पाय धरायला गेले नव्हते. पुढं परिषदेत त्यांनी साहेबाला तोंडावर विचारलं, तुमचं राज्य येण्याआधी आम्हाला विहीर बंद होती, देऊळ बंद होतं, आज ते उघडलं का? मग तुमच्या राज्याचा आम्हाला उपयोग काय? हा सवाल ज्याला कळला त्याला मी आता काय सांगतोय ते कळेल.

आता २४ मार्च १९८३, गुरुवार. बर्मिंगहॅमच्या एका खासगी शाळेच्या हेडमास्तरनं १९७८ साली एका शीख पोराला नकार दिला होता. पगडी काढ, केस काप, मग ये. वंशभेदाविरुद्ध १९७६ चा कायदा होता. त्यात रंग, वंश, राष्ट्रीयत्व, वांशिक किंवा राष्ट्रीय मूळ एवढेच शब्द. धर्म नाही. खालच्या कोर्टात हरले. मग लॉर्ड डेनिंगच्या अपील कोर्टातही हरले. शेवटी लॉर्डांच्या सभागृहात पाच न्यायाधीश लॉर्ड उभे राहिले आणि पाचांनीही अपील मंजूर केलं. लॉर्ड फ्रेझरनी कसोटी घालून दिली. ज्या समूहाला स्वतःचा लांबलचक सामाईक इतिहास आहे, स्वतःची संस्कृती आहे, तो वांशिक समूह. शीख जिंकले. चांगलं झालं. मी त्या निकालाला नावं ठेवत नाही. पण ध्यानात घे, एका पगडीला पाच वर्षं लागली, आणि मागं वंश-समानता आयोगासारखी सरकारी संस्था उभी होती तेव्हा लागली.

आणि त्या पगडीच्या आतली जात? बेडफर्ड, कॉव्हेन्ट्री, वुल्व्हरहॅम्प्टन, साउथॉलला आपली माणसं आहेत. रविदासी आहेत, वाल्मीकी आहेत, बौद्ध आहेत. विमानात बसताना पासपोर्ट तपासतात, जात तपासत नाहीत. ती सामानात तशीच उतरते. मग कारखान्यात फोरमनचा सवाल, गाव कोणतं? आडनाव काय? गोऱ्यानं काळा म्हणून हाकललं तर कायदा होता. आपल्याच देशातल्यानं चांभार म्हणून हाकललं तर कायद्यात शब्द नव्हता.

तो शब्द घालायची लढाई लॉर्डांच्याच सभागृहात झाली, आणि इथं गंमत आहे. २०१० च्या समता कायद्यात जात घालावी म्हणून ज्यांनी जीव टाकला त्यांत लॉर्ड एव्हबरी होते. कोण हे? बापजाद्यांच्या गादीवरचे लॉर्ड. १९९९ साली वंशपरंपरेच्या लॉर्डांना बाहेर काढताना ९२ जण ठेवून घेतले, त्या ९२ तले. तेव्हा सरकारनं काय दिलं? एक शब्द. मंत्र्याला जात समाविष्ट 'करता येईल'. करता येईल! सावकारसुद्धा असंच बोलतो, बघू, करता येईल. २०१० च्या डिसेंबरात सरकारनंच करवून घेतलेला अभ्यास बाहेर आला. ब्रिटनमध्ये जातीवरून छळ होतो याचा पुरावा त्यात होता. मंत्री तरी ढिम्म.

मग ४ मार्च २०१३. ऑक्सफर्डचे माजी बिशप लॉर्ड हॅरिस यांनी दुरुस्ती आणली. जात थेट कायद्यात घाला. २५६ विरुद्ध १५३. मंजूर. विधेयक खालच्या सभागृहात गेलं, लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहात. १६ एप्रिलला त्यांनी ते उडवलं. परत लॉर्डांकडं. २२ एप्रिलला लॉर्ड पुन्हा अडून बसले. १८१ विरुद्ध १६८. दुसऱ्या दिवशी सरकारनं हात टेकले, 'करता येईल' जाऊन 'करावंच' आलं आणि २५ एप्रिलला राणीची मोहोर लागली.

एक वकील मित्र मला विचारतो, काय रे, जन्मानं लॉर्ड झालेला माणूस आणि बिशप तुझ्या बाजूनं लढले, निवडून आलेल्यांनी तुला लाथाडलं, मग शिव्या कुणाला देतोस? मी म्हणतो, दोघांनाही हिशेब विचारतो. निवडून आलेल्याला मतं मोजायची असतात. तिथल्या काही सवर्ण हिंदू संघटना त्याच्या कानाशी लागल्या होत्या. आमच्यात जात नाहीच, कायदा केलात तर उलट जात पसरेल, म्हणे. वा रे पठ्ठ्या! रोगाचं नाव घेतलं की रोग होतो काय? आणि लॉर्ड एव्हबरींना माझा जयभीम आहे. पण १३ मतांच्या फरकानं मिळालेला हक्क एखाद्या म्हाताऱ्या लॉर्डाच्या सद्बुद्धीवर टांगलेला असतो. ज्या सभागृहानं १९२० ला डायरचे अश्रू पुसले त्यानंच २०१३ ला आपली बाजू घेतली. मधल्या काळात लॉर्डांना साक्षात्कार झाला नाही. दाराबाहेर आपली माणसं फलक घेऊन उभी होती. आत बोलायला पुरावा, माहिती, तक्रारी त्यांनीच पुरवल्या.

आणि 'करावंच' या शब्दाचं पुढं काय झालं? पाच वर्षं त्याला कुणी शिवलं नाही. 'करावंच' अस्पृश्य! २०१७ ला सरकारनं लोकांची मतं मागवली. २०१८ च्या जुलैत जाहीर केलं की कायद्यात जात घालणार नाही, ते कलमच संधी मिळताच रद्द करू. कारण? कोर्टाच्या निवाड्यांनी काम भागतं.

कोणत्या निवाड्यांनी? बिहारकडची एक आदिवासी बाई विलायतेत एका भारतीय घरात राबत होती. आठवड्याचे सातही दिवस, दिवसाला १८ तास. मजुरी तासाला ११ पेन्स. २०१४ च्या डिसेंबरात अपिलात ठरलं की तिची जात 'वांशिक मूळ' या शब्दांत बसू शकते. त्याला पाया काय? तर १९८३ ची तीच लॉर्ड फ्रेझरची वाट. २०१५ ला तिला सुमारे १ लाख ८४ हजार पौंड थकलेली मजुरी मंजूर झाली. बाई लढली, तिला सलाम. पण सरकारचा कावा बघ. 'बसू शकते' म्हणजे दर खेपेला नव्यानं सिद्ध कर. तू राबणारा, तूच वकील शोध, तूच पैसे घाल, तूच तुझी जात वंशात कशी बसते ते कोर्टाला समजावून सांग. कायद्यात एक शब्द असता तर मालक गप्प बसला असता. तो नाही म्हणून प्रत्येक पोळलेल्या माणसानं एकट्यानं डोंगर चढायचा. न्यायाच्या नावाखाली कायदा टाळायची ही हिकमत आहे.

लॉर्डांचं न्यायासन ३० जुलै २००९ ला बंद झालं, वेगळं सुप्रीम कोर्ट आलं. २०२४ मध्ये उरलेल्या वंशपरंपरेच्या लॉर्डांना काढायचं विधेयकही मांडलं गेलं. गादी हलते, म्हणजे हलवता येते. जन्माच्या खुर्च्या काढायचा विचार ते करू शकतात. मग जन्माची जात कायद्यात लिहायला हात का थरथरतो?

आणि तेच २०१८ साल आपल्याकडचं आठव. २० मार्चला दिल्लीच्या सुप्रीम कोर्टानं अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचे दात उपटले. खटला आपल्याच महाराष्ट्रातला, कराडचा. २ एप्रिलला देश बंद. आपली पोरं रस्त्यावर मेली. ऑगस्टमध्ये लोकसभेनं आणि ९ तारखेला राज्यसभेनं तोच कायदा दुरुस्त करून परत उभा केला. जुलैत लंडननं शब्द मोडला, ऑगस्टमध्ये दिल्लीला शब्द पाळावा लागला. फरक सभागृहात नव्हता मित्रा, रस्त्यावर होता.

म्हणून विलायतेतल्या माझ्या भावाबहिणींना सांगणं आहे, वरच्या सभागृहाचे आभार माना, पण खालचा रस्ता सोडू नका. 'करता येईल' हे भीक मागणाऱ्याला मिळतं. 'करावंच' हे भांडून मिळतं. आणि ते पाळलं जावं म्हणून रोज उठून पुन्हा भांडावं लागतं.

जयभीम.