पोरगं पास झालं, आता सूरजागडला लावू का?

दहावी-बारावीचे निकाल लागले की एटापल्लीकडच्या गावांत मला बियाण्याच्या आधी एकच प्रश्न विचारतात. "साहेब, पोरगं पास झालं, आता सूरजागडला लावून टाकू का?" मी शेतीखात्यातला माणूस, पण हा प्रश्न शेतीचाच आहे. बांधीत पुढं कोण उतरणार आणि घरात रोख पैसा कुठून येणार, ते याच्यावरच ठरतं.

आधी खाणीचं पाहू. लॉइड्स कंपनीला इथला सुमारे ३४८ हेक्टरचा पट्टा २००७ मध्ये मिळाला. २०१६ मध्ये काम रुळावर येतंय न येतंय, तोच डिसेंबरात नक्षलवाद्यांनी पाऊणशेच्या आसपास वाहने जाळली आणि सगळं थांबलं. २०२१ मध्ये उत्खनन पुन्हा सुरू झालं. २०२३ मध्ये वर्षाला ३० लाख टनांवरून १ कोटी टनांपर्यंत जाण्याची पर्यावरण मंजुरी मिळाली. कोनसरीला कारखाना उभा झाला. ठाकूरदेवाचा डोंगर, ग्रामसभांचा विरोध, ट्रकांची धूळ हे प्रश्न मिटलेले नाहीत, त्यावर वेगळं लिहावं लागेल. पण कामाला माणसं लागतात हे खरं आहे. सवाल एवढाच, की आपला पोरगा तिथं कोणत्या पायरीवर चढणार?

नुसता दहावी पास गेला तर झाडणं, पहारा, हेल्परी. तोच पोरगा आयटीआयमधून वेल्डर किंवा डिझेल मेकॅनिक होऊन गेला तर एका वर्षाचा फरक पडतो. फिटर, इलेक्ट्रिशियनला दोन वर्षं लागतात. पण तो कागद जन्मभराचा. खाण पुन्हा बंद पडली तरी चंद्रपूर-बल्लारपूरला तो चालतो, हेल्परचा अनुभव कोणी विचारत नाही. दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला पुढं तंत्रनिकेतनात थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशही मिळू शकतो. आपण कोवळे पऱ्हे उपटून रोवणी करतो का? मग पोराच्या बाबतीत एवढी घाई का?

कायदाही ध्यानात ठेवा. १८ वर्षांखालच्या पोराला खाणीत मजुरीला लावता येत नाही आणि ट्रक चालवण्याचा परवाना २० च्या आधी मिळत नाही. आधार कार्डावर वय वाढवून घेऊ म्हणणारे बाप मला भेटले आहेत. पुढं शाळेचा दाखला आणि आधार जुळत नाही, तेव्हा हेच बाप तहसिलात खेटे घालतात.

आता सरकारी नोकरीचं. राज्यपालांच्या २०१४ च्या अधिसूचनेनं तलाठी, ग्रामसेवक, वनरक्षक, कृषी सहायक अशी पदं अनुसूचित क्षेत्रात स्थानिक आदिवासी उमेदवारांसाठी ठेवली. प्रकरण न्यायालयात गेलं, भरती लांबली, म्हणून पोरं निराश आहेत. तरी तयारी सोडू नये. मी स्वतः कृषी पदविकेला निघालो तेव्हा घरचे हसले होते, शेती शिकायला शाळा कशाला म्हणून! पोरींचंही असंच. गडचिरोलीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला २०२४ मध्ये १०० जागांची मान्यता मिळाली. दवाखाना वाढला की नर्स लागणारच, आणि माडिया बोलणारी नर्स बाहेरून कुठून आणणार? वसतिगृहाचा अर्ज निकालाच्या आठवड्यातच करा.

पण या साऱ्यात गाडी अडते ती जात वैधता प्रमाणपत्रावर. हुशार पोरांच्याही जागा त्यापायी जातात. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. हा जुना जमीनदारीचा मुलूख, आजोबा शाळेत गेलेले नाहीत, म्हणून दाखला नाही. मग कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद आणि जमिनीचे जुने कागद शोधावे लागतात. गडचिरोली जिल्हा १९८२ चा, त्याआधीचे काही कागद चंद्रपूरला निघतात.

तलाठीभाऊ, ग्रामसेवकभाऊ, पोलीस पाटील, हे तुमच्याशिवाय होणार नाही. अकरावीत गेलेल्या पोरांची यादी करा आणि प्रत्येकाच्या आजोबाचं नाव, त्याचं मूळ गाव लिहून घ्या. एका आजोबाचा कागद सापडला की चुलत भावंडांचंही काम होतं. तहसिलात जायचं असेल तर रोवणी लागण्याआधी जा, नंतर ना तुम्हाला सवड, ना नाल्यावरून गाडी.