विश्लेषण : कॉलेजच्या वैद्यकीय तपासणीत दारूबद्दल विचारावे का?

पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला की अनेक महाविद्यालयांत वैद्यकीय तपासणी होते. उंची, वजन, रक्तदाब, दृष्टी, रक्तगट नोंदवला की काम संपते. दारूचा उल्लेख असलाच तर ‘व्यसन : आहे/नाही’ एवढाच. त्यापुढे ‘आहे’ लिहिण्याचे धाडस कोण करणार? हाच प्रश्न नीट विचारला तर बरेच काही वेळेत कळू शकते. मात्र खरे उत्तर देणाऱ्याला आधी अभय मिळायला हवे.

चाचणी म्हणजे नेमके काय?

यात रक्त किंवा श्वास तपासला जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ६ देशांतील अभ्यासातून ‘ऑडिट’ ही १० प्रश्नांची चाचणी तयार केली. गुण ० ते ४०. आठ किंवा अधिक गुण म्हणजे पिणे धोक्याच्या पातळीवर. २० किंवा अधिक असतील तर व्यसन जडले आहे का, हे तज्ज्ञांनी तपासावे. ‘ऑडिट-सी’ या छोट्या आवृत्तीत तीनच प्रश्न आहेत : किती वेळा पिता, एका दिवसात साधारण किती पिता आणि एका बैठकीत सहा किंवा अधिक ‘ड्रिंक’ किती वेळा होतात. दोन-तीन मिनिटांचे काम.

‘एकच बिअर घेतो’ म्हणजे किती?

इथे मोजमाप महत्त्वाचे ठरते. या चाचणीत एक ‘ड्रिंक’ म्हणजे साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. व्हिस्की किंवा रमचा ३० मिलीचा पेग जवळपास तेवढा भरतो. पण ८ टक्के अल्कोहोल असलेल्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलीच्या बाटलीत सुमारे ४१ ग्रॅम असते, म्हणजे चार ड्रिंक. दीड बाटलीतच सहाचा आकडा गाठला जातो. ‘दारू नाही, फक्त बिअर’ म्हणणाऱ्याला हे गणित सहसा कोणी सांगितलेले नसते.

विद्यार्थ्यांनाच का विचारायचे?

कारण या वयात बहुतेकांना व्यसन जडलेले नसते; सवय घडत असते. ‘मला दारूचा त्रास आहे’ असे सांगत विद्यार्थी डॉक्टरकडे जात नाही. तो जातो ॲसिडिटी, झोप न लागणे किंवा गाडीवरून पडल्याची जखम घेऊन. त्यावर गोळी मिळते, कारण तसेच राहते. एम्सच्या केंद्राने केलेल्या पाहणीचा २०१९चा अहवाल सांगतो की, दारूचे व्यसन जडलेल्या सुमारे ३८ जणांपैकी एकालाच कोणते तरी उपचार मिळतात. उशीर किती होतो, हे यातून दिसते. अमेरिकेतील ‘यूएसपीएसटीएफ’ या तज्ज्ञ गटाने २०१८ मध्ये १८ वर्षांवरील सर्वांना नेहमीच्या वैद्यकीय भेटीत हे प्रश्न विचारावेत आणि गरज असल्यास थोडक्यात समुपदेशन करावे, अशी शिफारस केली.

आपल्याकडे हे जमेल का?

गोव्यातील १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत असा प्रयोग झाला आहे. ‘ऑडिट’मध्ये १२ ते १९ गुण मिळालेल्या पुरुषांचे समुपदेशन प्रशिक्षण दिलेल्या, पण डॉक्टर नसलेल्या व्यक्तींनी केले. तीन महिन्यांनी धोक्याच्या पातळीखाली आलेल्यांचे प्रमाण ३६ टक्के होते. नेहमीच्या पद्धतीने उपचार मिळालेल्या गटात ते २६ टक्के होते. हा अभ्यास २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केला. तो कॉलेजमधील मुलांवर नव्हता. तरीही प्रत्येक ठिकाणी मानसोपचारतज्ज्ञ नेमल्याशिवाय सुरुवातच करता येत नाही, हा समज त्याने खोडून काढला.

मग अडचण कुठे आहे?

महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी किमान वय २१ आणि इतर मद्यासाठी २५ आहे. म्हणजे पदवीच्या बहुतेक विद्यार्थ्यांसाठी खरे उत्तर हे गुन्ह्याची कबुली ठरते. कागद कार्यालयात गेला तर पुढे प्राचार्य, वसतिगृहाचे रेक्टर आणि घरचा फोन. अशा तपासणीत सगळे विद्यार्थी निर्व्यसनी निघतील आणि ज्याला मदत हवी तोच सर्वात चांगले खोटे बोलेल. २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो; दारूशी संबंधित मानसिक विकारही त्यात येतात. पण नुसती प्रश्नावली भरणारा विद्यार्थी रुग्ण नसतो. त्याला गोपनीयतेची लेखी हमी महाविद्यालयानेच द्यायला हवी.

काय करायला हवे?

निवडक ‘संशयितां’ना नव्हे, सर्वांना विचारावे, म्हणजे कोणावर शिक्का बसत नाही. प्रश्न एकट्याला, बंद दाराआड विचारावेत. उत्तरपत्रिका डॉक्टरकडेच राहावी. प्राचार्यांना फक्त एकूण आकडे मिळावेत. जिवाला धोका दिसला तरच अपवाद आणि तोही आधीच सांगितलेला. जास्त गुण आलेल्याला कुठे पाठवायचे, हे चाचणीपूर्वी ठरलेले असावे. केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी ‘टेलि-मानस’ १४४१६ हे क्रमांक त्याच कागदावर छापता येतील.

शिस्त राखण्यासाठी महाविद्यालयाकडे नियम आहेत, समित्या आहेत. डॉक्टरची खोली त्यातून वगळावी. त्या दोन-तीन मिनिटांत खरे बोलल्याची शिक्षा झाली, तर पुढच्या वर्षी कोणीही खरे बोलणार नाही.