सेंद्रिय भाजी : अधिकची किंमत कशासाठी मोजायची?

सेंद्रिय भाजीच्या पाकिटावरील चढा दर पाहून मध्यमवर्गीय गृहिणी क्षणभर थबकते. हा अधिकचा पैसा सार्थकी लागतो काय, हा तिचा प्रश्न रास्त आहे. मात्र त्याचे उत्तर दुकानात मिळणार नाही. त्यासाठी घिवलीसारख्या गावाकडे पाहावे लागेल.

तारापूर अणुविद्युत केंद्राच्या परिसरातील हे किनाऱ्यावरचे गाव. बोईसरची रासायनिक कारखान्यांची वसाहत येथून फार दूर नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली औद्योगिक क्षेत्रांचा प्रदूषण निर्देशांक काढला, तेव्हा तारापूरने १०० पैकी ९३.६९ गुणांसह देशात पहिला क्रमांक ‘पटकावला’! सांडपाण्याविरुद्ध दाद मागण्यासाठी अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेला राष्ट्रीय हरित लवादाचे दार ठोठवावे लागले. अशा टापूतील शेतकऱ्याने रासायनिक खत आणि कीटकनाशक कायमचे दूर सारले, तरी त्याच्या विहिरीत कारखान्याचे पाणी झिरपत असेल, तर त्याच्या वांग्याला शुद्ध कोण म्हणेल? प्रमाणपत्र मुख्यतः शेतीच्या पद्धतीची ग्वाही देते. नाल्याचे पाणी ते शुद्ध करीत नाही.

म्हणून सेंद्रिय शेती थोतांड ठरते काय? मुळीच नाही. स्वस्त मालाची खरी किंमतही कोणीतरी मोजतच असतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. पीक कपाशीचे होते. पण पाठीवरचा पंप आणि त्यातील विष भाजीच्या मळ्यालाही परके नाही. या प्राणांचे मोल बाजारभावात कधी धरले गेले?

पर्याय आपल्या दाराशीच आहे. पालघरच्या सीमेपलीकडे, उंबरगाव तालुक्यातील देहरी येथे भास्कर सावे यांनी ‘कल्पवृक्ष’ या आपल्या बागेत रसायनांविना अनेक दशके चिकू व नारळ पिकविले. मात्र या वाटेने निघणाऱ्या हंगामी पिकांच्या शेतकऱ्याला प्रमाणपत्रापूर्वी साधारण दोन वर्षांचा रूपांतराचा काळ काढावा लागतो. त्या काळात कष्ट सेंद्रिय शेतीचे, दर मात्र साध्या मालाचा! हा भार त्याने एकट्यानेच का वाहावा?

तेव्हा अधिकची किंमत अवश्य द्यावी; पण चकचकीत पाकिटाला नव्हे, परिचयाच्या शेतकऱ्याला. ग्राहकाला थेट विकणाऱ्या छोट्या उत्पादकाला कायद्याने प्रमाणपत्राची सक्ती नाही. तेथे विश्वास हेच प्रमाणपत्र. वस्तीतील दहा कुटुंबांनी एकत्र यावे, शेत स्वतः पाहावे, पाणी कोठून येते ते विचारावे आणि हंगामभराच्या खरेदीचा शब्द द्यावा. त्याचबरोबर नाल्यात विष सोडणाऱ्यांना जाब विचारण्यासाठी घिवलीच्या शेतकरी-मच्छीमारांच्या पाठीशी उभे राहावे.

भूमीला माता म्हणायचे आणि तिच्या उदरात विष ओतले जात असताना आपल्यापुरते शुद्ध पाकीट विकत घेऊन स्वस्थ बसायचे, ही स्वदेशी वृत्ती नव्हे. हा निव्वळ भोगवाद आहे.