सहावीतला तो एक तास

या आठवड्यात पुण्याजवळच्या आमच्या वाघोलीच्या पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर पुन्हा तोच वाद पेटला. कॉन्व्हेंटमध्ये मुलांना घालावं की नाही? एक बाजू म्हणते, तिथे मुलांना प्रार्थना म्हणायला लावतात. दुसरी म्हणते, इंग्रजी आणि शिस्त मिळते ना, मग बाकीच्याशी काय देणंघेणं? मला राग आला तो दोन्ही बाजूंचा. पाचवी संपवून मूल सहावीत जातं, त्या वर्षी ते तिथे नेमकं काय शिकतं, हे एकानेही विचारलं नाही.

प्रार्थनेचा मुद्दा आधी निकालात काढते. संविधानाच्या 28व्या अनुच्छेदानुसार मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत पालकाच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षणाला वा उपासनेला बसवता येत नाही. एप्रिल 2024 मध्ये भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेनेही आपल्या शाळांना सांगितलं, की इतर धर्मांच्या मुलांवर ख्रिस्ती परंपरा लादू नका आणि सकाळच्या परिपाठात संविधानाची उद्देशिका म्हणवून घ्या. तरीही कुठे सक्ती होत असेल तर लेखी तक्रार करा. गटावर कुजबुजून काही होत नाही.

अभ्यासक्रमातही वेगळं काही नाही. राज्य मंडळाच्या शाळेत, मग ती पुण्यातली 1867 सालची सेंट व्हिन्सेंट असो, 1961 सालची लोयोला असो की जिल्हा परिषदेची, सहावीला गणित, विज्ञान आणि प्राचीन भारताचा इतिहास तोच. वेगळा आहे तो वेळापत्रकातला एक तास. अनेक कॅथलिक शाळांत त्या तासाला वर्ग दोन ठिकाणी बसतो. कॅथलिक मुलं धर्मशिक्षणाला जातात, उरलेली मूल्यशिक्षणाला. संख्येने पाहिलं तर ही उरलेली मुलंच बहुतेक ठिकाणी जास्त. या दोन खोल्यांत काय चालतं ते शेजारी शेजारी ठेवून पाहा.

पहिल्या खोलीतल्या मुलाने तिसरी-चौथीच्या सुमारास पहिलं कम्युनियन घेतलेलं असतं. पापनिवेदन म्हणजे काय, हे त्याला ठाऊक असतं. त्याआधी स्वतःच्या वागण्याची झडती घ्यावी लागते. मी कोणाशी खोटं बोललो? कोणाला दुखावलं? कोणाचं काय घेतलं आणि परत दिलं नाही? मग ते धर्मगुरूंपुढे तोंडाने सांगावं लागतं. सांगून सुटका होत नाही. घेतलेली वस्तू परत द्यायची, कोणाची बदनामी केली असेल तर ती निस्तरायची, पुन्हा न करण्याचा निश्चय करायचा. येशूसंघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी सोळाव्या शतकात रोजच्या आत्मपरीक्षणाच्या पाच पायऱ्या घालून दिल्या. आधी आभार मानायचे, मग नीट दिसावं म्हणून प्रकाश मागायचा, दिवस आठवायचा, चुकीचा पश्चात्ताप करायचा आणि उद्याचा संकल्प करायचा. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला हे जमतं. शिवाय त्यामागे घर असतं, रविवारचं चर्च असतं.

दुसऱ्या खोलीतली वही मी परवाच पाहिली, शेजारच्या सहावीतल्या मुलीची. धडा ‘ऑनेस्टी’. गाळलेल्या जागा भरा, जोड्या लावा, एका वाक्यात उत्तरे द्या. प्रत्येक उत्तरापुढे लाल शाईची बरोबरची खूण, शेवटी ‘ए’ श्रेणी. पुढची दोन पानं अपूर्णांकांच्या वजाबाकीची! पोर्शन मागे पडला म्हणून तो तास गणिताच्या बाईंनी घेतला होता. त्या मुलीला प्रामाणिकपणाची व्याख्या पाठ आहे. गेल्या आठवड्यात आपण कुठे खोटं बोललो, हे तिला शाळेत कोणीही विचारलेलं नाही.

म्हणून माझं म्हणणं गटावरच्या भीतीच्या अगदी उलट आहे. आपल्या मुलांना तिथे धर्म शिकवला जातो, ही अडचण नाही. त्यांच्या वाट्याला रिकामा तास येतो, ही अडचण आहे. इतर धर्मांच्या मुलांना पापनिवेदन करायला लावावं असं मी म्हणत नाही, लावूही नये. पण स्वतःचं वागणं तपासणं, ते बोलून दाखवणं आणि चूक भरून काढणं, याला कोणताच धर्म लागत नाही. याचा दाखला देणारी संस्था आपल्या दारात आहे. 1993च्या किल्लारी भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने 1,200 मुलं शिक्षणासाठी पुण्यात आणली. त्यांचं संकुल वाघोलीतच उभं राहिलं. त्याच संघटनेचे शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने 2009 मध्ये बीड जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळांत ‘मूल्यवर्धन’ सुरू झालं. आधार संविधानातल्या मूल्यांचा. मुलं जोडीत, गटात बसतात, बोलतात, एकमेकांचं ऐकून घेतात. जिल्हा परिषदेच्या शाळेला जे जमलं, ते भरभक्कम फी घेणाऱ्या शाळेला का जमू नये?

आणि हे सगळं मराठीतही व्हायला हवं. हा माझा हट्ट आहे, तो मी सोडणार नाही. 2020च्या कायद्याने राज्यातल्या सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली आणि तिची सुरुवात पहिली आणि सहावी या दोनच इयत्तांपासून झाली. मुलं मैदानावर ज्या भाषेत भांडतात, त्याच भाषेत त्यांना माफी मागता यायला हवी. लोकांच्या भाषेत शिकवणं चर्चला नवं नाही. 1579 मध्ये गोव्यात आलेल्या थॉमस स्टीफन्स या येशूसंघातल्या इंग्रज धर्मगुरूने ‘ख्रिस्तपुराण’ मराठी ओवीत रचलं, ते 1616 मध्ये छापलं गेलं. धर्मशिक्षणाचं पुस्तक त्याने कोकणीत लिहिलं. देशभरातल्या धर्मगुरूंना घडवणारी पेपल सेमिनरी 1955 पासून आपल्याच नगर रस्त्यावर, रामवाडीला आहे. ज्यांच्याकडे इतकी जुनी परंपरा आणि इतकं मनुष्यबळ, त्यांनी मूल्यशिक्षणाचा तास असा वाऱ्यावर सोडणं मला पटत नाही.

पालकांनो, प्रवेशाच्या वेळी बस आणि गणवेशाची चौकशी तुम्ही करालच. त्याबरोबर आणखी तीन गोष्टी विचारा. मूल्यशिक्षणाचा तास कोण घेतं? तो कोणत्या भाषेत होतो? परीक्षा जवळ आली की तो गणिताला दिला जातो का? समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत फी भरू नका.