उतारवयातील विवाह आणि सातबारा

१९७८ साली बासू चटर्जी यांचा ‘खट्टा मीठा’ हा हिंदी चित्रपट पडद्यावर आला. अशोककुमार यांनी रंगविलेला पारशी विधुर आणि पर्ल पदमसी यांनी रंगविलेली विधवा मुले मोठी झाल्यानंतर विवाह करतात आणि दोन बिऱ्हाडांचे एक बिऱ्हाड होते, एवढेच त्याचे कथानक. मुले रुसतात, भांडतात आणि हळूहळू एकमेकांची होतात. पुढे चाळीस वर्षांनी, २०१९ मध्ये, ‘अग्गंबाई सासूबाई’ या दूरचित्रवाणी मालिकेत सुनेनेच विधवा सासूचे लग्न जमविले आणि मराठी घरांतून ते कौतुकाने पाहिले गेले. उतारवयातील विवाहाला समाजाने मनोमन संमती दिली, असा निष्कर्ष यावरून काढण्याचा मोह होतो. तथापि पडद्यावरील या घरांत अडचण असते ती माणसांच्या स्वभावांची. बागायत जमिनीची नव्हे.

बारामती व इंदापूर तालुक्यांत ती जमिनीची आहे. १८८५ साली सुरू झालेल्या नीरा डाव्या कालव्याने येथील कोरडवाहू शिवारात ऊस आणला. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथे सहकारी कारखाने उभे राहिले. अलीकडे औद्योगिक वसाहत आणि वाढते शहर यांमुळे पिकाहून मातीचेच मोल अधिक झाले. मुले शिकून पुण्याला, चाकणला नोकरीस गेली आणि शेतावरच्या बंगल्यात एकटे माणूस उरले. मुलगा पैसे पाठवितो, सणाला येतो. आजारपणात धावूनही येतो. त्याला निष्ठुर म्हणणे अन्यायाचे होईल. मात्र वडिलांनी पुन्हा लग्नाचा विषय काढला की त्याला प्रथम आठवतो तो सातबाराचा उतारा.

त्याचा हिशेब चुकीचा नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानुसार मृत्युपत्र न करता मरण पावलेल्या पुरुषाच्या मिळकतीत विधवा, मुलगे व मुली यांचे वाटे सारखे असतात. स्वकष्टार्जित सहा एकर बागायत असलेल्या विधुराला एक मुलगा व एक मुलगी असेल, तर प्रत्येकाच्या वाट्याला तीन एकर येतात. त्याने लग्न केले की तेच दोन होतात. याहून मोठे भय पुढे आहे. दुसऱ्या पत्नीला मिळालेला वाटा तिच्या पूर्ण मालकीचा असतो आणि तीही मृत्युपत्राविना गेली तर तो तिच्या स्वतःच्या मुलांकडे, म्हणजे पहिल्या लग्नाच्या मुलांकडे, जातो. सावत्र मुलांचा क्रम त्यानंतरचा. ‘बापाची जमीन परक्या घरात जाईल’ ही मुलांची भीती केवळ कल्पनेची नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. प्रेमाची महती सांगून ती जाणार नाही. ती जाण्याचा मार्ग मृत्युपत्र हाच आहे. लग्नापूर्वी कोणाला काय द्यायचे आणि पत्नीच्या निवाऱ्याची व निर्वाहाची सोय काय, हे स्वच्छ लिहून नोंदवावे, म्हणजे निम्मा तंटा मिटतो. पण मृत्युपत्राचे नाव काढणे आपल्याकडे अभद्र समजतात. उसाच्या बेण्याचा हिशेब चोख ठेवणारा शेतकरीही हा कागद उद्यावर ढकलतो.

विधवेची स्थिती याहून विचित्र आहे. तिच्याविषयी गावात चालतो तो कायदा आज अस्तित्वातच नाही. १८५६ च्या विधवा पुनर्विवाह कायद्याने विवाहाला मान्यता दिली खरी, पण त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमाने पुनर्विवाह करताच मृत पतीच्या मिळकतीवरील तिचा हक्क संपुष्टात आणला. जणू ती त्याच दिवशी मरण पावली! या भागातील अनेक जातींत पाटाची चाल पूर्वापार होती. म्हणजे त्यांना सुधारकांच्या परवानगीची गरजच नव्हती. तरीही मुंबई उच्च न्यायालयाने गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात हे कलम त्यांनाही लागू धरले. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाईंशी विवाह केला तेव्हा वाद झाला तो धर्माचा. मिळकतीचा प्रश्न मागेच राहिला. १९५६ च्या कायद्याने विधवेला पतीकडून वारसाने आलेल्या मिळकतीची पूर्ण मालकीण केले आणि १८५६ चा कायदा १९८३ मध्ये रद्दही झाला. एकदा वारसाने मिळालेला वाटा नंतरच्या विवाहाने जात नाही. असे असूनही ‘दुसरे घर केले की पहिल्या घरचे सुटले’ असेच पारावर सांगितले जाते आणि तिच्यापुढे हक्कसोडपत्राचा कागद सरकविला जातो. तिला खरा कायदा सांगण्यात घरातल्या कोणाचाच लाभ नसतो.

वृद्ध माता-पित्यांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा यापुढे एक पाऊल गेला आहे. त्याच्या व्याख्येत ‘पालक’ या शब्दात सावत्र आईचाही समावेश आहे. निर्वाहाचे असे अर्ज उपविभागीय पातळीवरील न्यायाधिकरणापुढे चालतात, आणि बारामती व इंदापूर हे दोन्ही तालुके बारामतीच्याच प्रांत कार्यालयाखाली येतात. म्हणजे दाद मागण्याचे ठिकाण फार दूर नाही. ते ठाऊक असणारे थोडे.

ज्यांना जमीन नाही त्यांच्या वाटेत निवृत्तिवेतन उभे राहते. कारखान्यातील कामगाराच्या विधवेला १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेखाली मिळणारी रक्कम पुनर्विवाह होताच बंद होते. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याच्या विधवेचेही कुटुंब निवृत्तिवेतन, निपुत्रिक विधवेचा मर्यादित अपवाद सोडता, तसेच थांबते. उलट निवृत्त पुरुषाने पासष्टाव्या वर्षी लग्न केले तर त्याच्या निवृत्तिवेतनाला धक्का लागत नाही. इतकेच नव्हे, तर निवृत्तीनंतर केलेल्या विवाहातील पत्नीलाही पुढे कुटुंब निवृत्तिवेतन मिळाले पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये भगवंती खटल्यात दिला. एकाच विवाहात नवऱ्याचे उत्पन्न कायम राहते आणि बायकोचे जाते. वाळवीने पोखरावा तसा हा नियम तिचा निर्धार आतून पोखरतो.

पुण्यात माधव दामले यांनी ज्येष्ठांच्या विवाहाविना सहजीवनासाठी मंडळ काढले, त्यामागे हीच व्यावहारिक अडचण आहे. लग्न न करता एकत्र राहिले की मुलांचा वाटा शाबूत राहतो आणि विधवेचे निवृत्तिवेतनही. परंतु जोडीदार मृत्युपत्राविना गेला तर त्या स्त्रीला वारस म्हणून काहीच मिळत नाही. बारामती किंवा इंदापूरसारख्या गावी, जिथे शेजारच्या घरी कोण आले-गेले हे साऱ्या आळीला ठाऊक असते, तिथे हा मार्ग शहरापेक्षा कठीण. शिवाय लग्नाचे सर्व कष्ट घ्यायचे आणि लग्नाचा एकही हक्क मागायचा नाही, हा सौदा बहुधा बाईच्याच वाट्याला येतो.

निवृत्तिवेतनाच्या या अटीने खजिन्याचे किती वाचते, हा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही. पुनर्विवाह केल्यास कळवीन, अशी हमी विधवेने लिहून दिलेली असते. म्हणून ती लग्न करीत नाही, आणि रक्कम दरमहा तिच्या खात्यात पूर्वीसारखीच जमा होत राहते.